दसऱ्याच्या आधी : ऊसतोड कुटुंबातली मुलं कॉलेजात कशी टिकतील?

आज आपण बीड जिल्ह्याबद्दल बोलणार आहोत. त्यातही, ज्यांच्या घरात कॉलेजची पायरी आजवर कुणी चढलेलं नव्हतं आणि ज्यांचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात, अशा मुलामुलींबद्दल. त्यांच्यासाठी शिष्यवृत्ती आहे, वसतिगृहं आहेत, फीमाफीही आहे. तरी जुलैत पहिल्या वर्षाच्या वर्गात बसलेली सगळी मुलं फेब्रुवारीत तिथं दिसत नाहीत. याची कारणं अनेक आहेत. आम्ही आज त्यातलं एकच मांडणार आहोत, कारण त्यावर कॉलेजला स्वतः काही करता येतं. कॉलेजचं वर्ष आणि उसाचं वर्ष एकमेकांशी जुळत नाही, आणि आपली बरीचशी मदत या दोन्हींच्या मधल्या फटीत पडते.

आधी उसाचं वर्ष समजून घेऊ. बालाघाटच्या डोंगरपट्ट्यात, म्हणजे पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, केज या भागांत पाऊस बेभरवशाचा आणि जमीन बरीचशी हलकी. दसरा-दिवाळीच्या सुमारास इथून टोळ्या निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरला, कुणी साताऱ्याला, कुणी सोलापूरकडे, तर कुणी थेट कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत काम सोडता येत नाही. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. म्हणजे वर्षातले पाच-सहा महिने घराला कुलूप असतं, नाहीतर घरी फक्त म्हातारी माणसं असतात.

आता कॉलेजचं वर्ष बघा. प्रवेश जून-जुलैत. त्यानंतर महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्तीचे अर्ज. पहिल्या सत्राची परीक्षा साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात, दुसऱ्या सत्राची उन्हाळ्यात. कागदावर हे अगदी सरळ दिसतं. पण अर्जाला तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो, जातीचे दाखले लागतात, काही अभ्यासक्रमांना जात वैधता लागते. बँक खातं आधारशी जोडलेलं लागतं, नाहीतर मंजूर झालेले पैसेसुद्धा खात्यात येत नाहीत. आणि आधारला जोडलेला मोबाईल नंबर पुष्कळदा वडिलांचा असतो. मुलगा केजमध्ये सायबर कॅफेत बसलेला, ओटीपी जातो उसाच्या फडात. तिथं रेंज नसते, किंवा फोन मुकादमाच्या गाडीत चार्जिंगला लावलेला असतो. ही तांत्रिक अडचण वाटते खरी, पण अर्ज राहून जायला एवढं पुरतं.

पैशाचं वेळापत्रकही असंच उलटं आहे. शिष्यवृत्ती आणि निर्वाह भत्ता येतो तो खर्च होऊन गेल्यावर. मेसची अनामत, खोलीचं भाडं, एसटीचा पास, परीक्षा फी हे सगळं आधी भरायचं असतं. घरात रोख रक्कम येते ती उचल मिळते तेव्हा, आणि ती औषधपाणी, जुनं देणं, लग्नकार्य यात जाते. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी शिकणाऱ्यासाठी तिच्या मूळ रचनेत वर्षाला 43,000 रुपये धरले होते. 2024 मध्ये व्यावसायिक अभ्यासक्रमांतल्या, 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत जाहीर झाली. दोन्ही निर्णय चांगलेच आहेत. पण फी माफ झाली तरी जेवण माफ होत नाही, आणि मार्चमध्ये आलेल्या पैशातून ऑक्टोबरची मेस भरता येत नाही.

मुलींच्या बाबतीत ही फट आणखी रुंद होते. आईवडील निघाले की वयात आलेल्या मुलीला मागं कुणाच्या भरवशावर ठेवायचं, हा घरातला पहिला प्रश्न असतो. मग एकतर ती धाकट्या भावंडांना सांभाळायला आणि स्वयंपाकाला फडावर जाते, नाहीतर तिचं लग्न उरकलं जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) बीड जिल्ह्यातल्या 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी चाळीस टक्क्यांहून अधिक जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. ज्या मुली बारावी ओलांडून कॉलेजात पोचतात, त्या यातून वाचून आलेल्या असतात. त्यांच्यासाठी वसतिगृहातली खाट म्हणजे लग्न पुढं ढकलण्याचं घरात सांगता येईल असं कारण असतं. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी शासनाने 2021 मध्ये संत भगवान बाबा वसतिगृह योजना आणली, तिचं महत्त्व यासाठी आहे.

ही समज आपल्याकडे नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1901 पासून वसतिगृहांना आधार दिला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात 1924 मध्ये बोर्डिंग काढलं. मराठवाड्यातल्या मुलाला उच्च शिक्षणासाठी हैदराबाद गाठावं लागायचं, त्या काळाच्या शेवटाला, 1950 मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. नागसेनवनात वर्गांच्या जोडीला वसतिगृहं उभी राहिली. शिकवण्याआधी राहण्या-जेवणाची सोय हवी, हे त्या पिढीला स्वच्छ कळलं होतं.

पैशाखेरीज दुसरी एक गोष्ट या मुलांकडे नसते : घरी विचारायला माणूस. शिक्षकाच्या मुलाला एटीकेटी म्हणजे काय ते जेवताना कानावर पडून माहीत होतं. पहिल्या पिढीतल्या मुलाला एका विषयात नापास झाल्याचं कळलं की वर्षच गेलं असं वाटतं, आणि तो गुपचूप कोयत्याला जातो. खरं तर त्याला पुढच्या सत्रात बसता आलं असतं. दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्तीच्या अर्जाचं नूतनीकरण करावं लागतं, हेही अनेकांना वेळ निघून गेल्यावर कळतं. यात बुद्धीचा काहीच संबंध नाही. माहिती वेळेवर पोचली नाही, एवढंच.

मग कॉलेजने काय करावं? आम्हाला पाच कामं सुचवायची आहेत.

पहिलं, प्रवेशाच्या वेळीच शांतपणे विचारा : दसऱ्यानंतर घरी कोण असेल? उत्तर वर्गात नको, कार्यालयात एकट्याला विचारा.

दुसरं, आईवडील गावात असतानाच, ऑगस्टमध्ये, कागदपत्रांचं शिबिर घ्या. दाखले, आधार-बँक जोडणी आणि मोबाईल नंबर विद्यार्थ्याच्या नावावर करणं, एवढं त्यात उरकलं पाहिजे.

तिसरं, दिवाळीच्या सुट्टीत मेस आणि वसतिगृह पूर्ण बंद करू नका. ज्याच्या घराला कुलूप आहे तो सुट्टीत जाणार कुठं? तो फडावरच जातो, आणि तिथून परत येणं अवघड होतं.

चौथं, शिष्यवृत्ती येईपर्यंत फिरता निधी ठेवा. पैसे आले की परत करायचे. तो देताना व्यासपीठ, हार आणि फोटो नकोत. मदत घेतल्याचं वर्गाला कळणार असेल, तर गरज असलेली मुलंही मागत नाहीत.

पाचवं, गैरहजेरीचं पत्र गावच्या पत्त्यावर पाठवून काही होत नाही, ते कुलपाखालून आत सरकतं आणि तिथंच पडून राहतं. जानेवारीत मूल तीन दिवस दिसलं नाही, तर फोन करा, आणि तो ओळखीच्या माणसाने करावा.

आता कुणी म्हणेल, हे करायचं कोणी? जागा रिक्त, अर्धे शिक्षक तासिका तत्त्वावर. तक्रार खरी आहे. म्हणून आम्ही असं सुचवतो की ‘कमवा व शिका’ योजनेतून वरच्या वर्गातल्या मुलामुलींना याच कामाला लावा. बागेला पाणी घालण्याऐवजी त्यांनी नव्या मुलांचे अर्ज भरून द्यावेत. ज्याने मागच्या वर्षी हा त्रास काढलाय, त्याला कोणत्या खिडकीवर काय विचारतात ते आपल्यापेक्षा नेमकं माहीत असतं. त्याला मानधन मिळेल आणि नव्या मुलाला विचारायला माणूस मिळेल.

यातून सगळी मुलं टिकतील असं नाही. उचलीचं कर्ज, पाणी आणि मजुरीचे दर हे प्रश्न कॉलेजच्या फाटकाबाहेरचे आहेत, आणि त्यावर वेगळं बोलावं लागेल. पण वेळापत्रक आपल्या हातात आहे. या मालिकेचे श्रोते असलेल्या प्राचार्यांना, प्राध्यापकांना आणि माजी विद्यार्थ्यांना आमची एवढीच विनंती : यंदाचा दसरा कधी आहे ते कॅलेंडरात बघा, तिथून सहा आठवडे मागं मोजा, आणि त्या तारखेला शिबिर ठेवा.