नर्मदेकाठचा रात्रीचा गळ: उजेड किती, आवाज किती

रात्री गळ टाकून बसणाऱ्याला हवी असते ती पाण्याखालची खबर. दिवसा बोया बुडाला की कळतं. अंधार पडला की तीच सोय जाते आणि हात आपसूक टॉर्चकडे वळतो. माझ्या मते नर्मदेवर सगळ्यात जास्त नुकसान हीच सवय करते. जबलपूरच्या आसपास, तिलवाराघाटापासून खाली लम्हेटाघाटाच्या डोहांपर्यंत, रात्री गळाला येणारे मासे म्हणजे मुख्यतः पढीन आणि शिंगाळा. दोघेही मिश्यांचे आणि अंधारात खाणारे. मिश्यांवरच्या चवीच्या पेशींनी ते तळाशी आमिष शोधतात. म्हणजे आमिष दिसावं म्हणून उजेड पाडण्याची गरज त्यांच्या बाबतीत तरी उरत नाही.

उलट उजेडाचा त्रासच होतो. बहुतेक माशांना आपल्यासारखी बाहुली आकसून घेता येत नाही. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यातल्या पेशी आणि रंगद्रव्य अंधार-उजेडाप्रमाणे अक्षरशः जागा बदलतात, आणि या बदलाला बराच वेळ, कधी अर्धा तासही लागतो. तेवढ्यात काठावरून टॉर्चचा झोत फिरला की उथळात चरायला आलेला मासा बिचकून खोलात जातो. माणसाचे डोळेही अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं घेतात. दर पाच मिनिटांनी टॉर्च लावणारा स्वतःलाही आंधळाच ठेवतो.

यावर कोणी म्हणेल, दिव्याकडे मासे येतात हे तर जगजाहीर आहे. नाहीतर मालवणच्या समुद्रात एलईडी मासेमारीवरून एवढा संघर्ष का पेटला असता? मुद्दा खरा आहे. स्थिर, प्रखर दिव्याभोवती आधी प्लवक जमतं, मग बारीक मासे, त्यामागे मोठे. पण तो तासन्‌तास एका जागी जळणारा दिवा असतो, हलता झोत नव्हे. आणि त्या जाळ्यात पिल्लंही सरसकट सापडतात. केंद्र सरकारने १० नोव्हेंबर २०१७ रोजी एलईडी मासेमारीवर बंदी घातली. नदीत त्याची नक्कल करण्यासारखं त्यात काही नाही.

मग खबर मिळवायची कशी? सगळ्यात जुना उपाय म्हणजे काठीच्या टोकाला लावलेलं घुंगरू. स्वस्त आणि भरवशाचं, पण त्यात एक खोट आहे. मासा आमिष तोंडात धरून काठाकडे आला तर तंगूस सैल पडतो, टोक हलत नाही आणि घुंगरू गप्प राहतं. म्हणून रीळ आणि पहिल्या कडीच्या मधे तंगुसाला हलकं वजन लोंबतं ठेवतात. मासा दूर गेला तर ते वर चढतं, जवळ आला तर खाली पडतं. त्याला रासायनिक प्रकाशाची बारीक नळी बांधली की दोन्ही हालचाली अंधारात दिसतात, आणि पाण्यावर झोत पडत नाही. खबर देणारं पुढचं साधन म्हणजे विजेचा बझर; त्याला इंग्लंडच्या रिचर्ड वॉकर यांनी नाव मिळवून दिलं. सप्टेंबर १९५२ मध्ये रेडमायर तळ्यावर त्यांनी ४४ पौंडांचा कार्प धरला, तोही रात्रीच. आजच्या यंत्रात तंगूस एका छोट्या चाकावरून जातो. चाक फिरलं की बझर वाजतो आणि दिवा लुकलुकतो. वाहत्या पाण्यात मात्र त्याची संवेदनशीलता कमी ठेवावी लागते, नाहीतर वाहून येणारं प्रत्येक पान मासाच वाटू लागतं.

यंत्रामुळे कसब मरतं आणि लोक झोपा काढतात, हा आक्षेप मला अर्धाच पटतो. पढीन आमिष झटकन गिळतो. खबर उशिरा लागली की गळ पोटात उतरतो आणि मासा परत सोडण्याजोगा राहत नाही. बझर वाजताच उठणाऱ्याचा गळ बहुधा ओठातच असतो. उशाशी बझर ठेवून गाढ झोपणाऱ्याचा बचाव मात्र मी करणार नाही.

सुरक्षिततेचा प्रश्न याहून गंभीर आहे. वर बरगी धरणावर ९० मेगावॅटचं वीजघर आहे. तिथून किंवा दारांतून पाणी सुटलं की खाली पातळी चढते, आणि लम्हेट्याचे खडक ओले असले की पाय ठरत नाही. म्हणून डोक्याला बांधायची टॉर्च जवळ हवीच. ती मंद, शक्यतो तांबडी असावी, पायांकडे रोखलेली असावी आणि मासा जाळीत घेतानाच पाण्याकडे वळावी. तांबडा उजेड माशांना अजिबात दिसत नाही असं नाही, पण पांढऱ्याइतका तो त्यांना बुजवत नाही.

मध्य प्रदेशचा राज्यमासा महाशीर, इथला बाडस, धरणांमुळे आधीच विरळ झाला आहे. तो गळाला लागला तर ओल्या हातानेच धरावा आणि लगेच सोडावा. आणि दरवर्षी १६ जून ते १५ ऑगस्ट, माशांच्या विणीच्या बंदीकाळात, गळ घरीच ठेवावा.