हलत्या सावजावरील शरसंधान

हलत्या सावजावरील शरसंधान म्हणजे चालत्या, दुडक्या चालीने जाणाऱ्या किंवा धावत्या मोठ्या वन्यप्राण्यावर धनुष्याने बाण सोडणे. हरीण, एल्क, मूस, अस्वल अशा प्राण्यांची धनुष्यबाणाने शिकार करणे अमेरिकेची संयुक्त संस्थाने व कॅनडा या देशांत ठरावीक हंगामात व परवान्याने कायदेशीर आहे. प्राणी हलत असताना बाण सोडावा की नाही, हा तेथील शिकाऱ्यांमधील जुना वादाचा विषय आहे. शिकारी शिक्षणात सर्वसाधारणपणे 'सोडू नये' असेच शिकविले जाते. मात्र अगदी जवळून सावकाश चालणाऱ्या प्राण्याचा अपवाद अनेक अनुभवी शिकारी करतात. वादाच्या मुळाशी प्राण्याच्या यातनांचा प्रश्न आहे. बाण वर्मी लागला तर प्राणी काही सेकंदांत कोसळतो. थोडा मागे लागला तर तो तासन्‌तास जखमी अवस्थेत फिरतो आणि पुष्कळदा शिकाऱ्याच्या हातीही लागत नाही.

## पार्श्वभूमी

बंदुका येण्यापूर्वी धनुष्य हे जगाच्या बहुतेक भागांत शिकारीचे प्रमुख साधन होते. परंतु त्या काळीही दूरवरून धावत्या प्राण्यावर बाण मारणे ही सर्वत्र रूढ असलेली रीत नव्हती. दक्षिण आफ्रिकेतील सान लोक काही भुंग्यांच्या अळ्यांपासून काढलेले विष बाणाला लावीत. विषामुळे बाण नेमका कोठे लागला याला कमी महत्त्व उरे. त्यानंतर जखमी प्राण्याचा माग काढणे हेच शिकारीचे मुख्य काम असे.

उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांतील आदिवासी मात्र धावत्या गव्यांची, म्हणजे बायसनांची, शिकार घोड्यावरून धनुष्यबाणाने करीत. चित्रकार जॉर्ज कॅटलिन याने १८३०च्या दशकात अशा शिकारीची चित्रे काढली. या पद्धतीत घोडा बायसनाच्या अगदी शेजारून, जवळपास त्याच्याच वेगाने धावे. त्यामुळे शिकारी आणि सावज यांच्यातील सापेक्ष वेग अत्यल्प असे आणि अंतर काही हातांचेच राही. बायसन धावत असला तरी धनुर्धराच्या दृष्टीने लक्ष्य जवळजवळ स्थिरच असे. जमिनीवर उभे राहून, आडव्या धावणाऱ्या हरणावर बाण सोडण्याशी या शिकारीची तुलना म्हणूनच करता येत नाही.

आधुनिक अमेरिकी धनुर्शिकारीचा उगम इशी या याही जमातीच्या व्यक्तीशी जोडला जातो. आपल्या जमातीतील अखेरचा मानला गेलेला इशी १९११ मध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल येथे आढळला. पुढे १९१६ मध्ये मृत्यू होईपर्यंत तो सॅन फ्रान्सिस्को येथे राहिला. तेथे डॉ. सॅक्स्टन पोप यांनी त्याच्याकडून धनुष्य बनविण्याची व शिकारीची विद्या आत्मसात केली आणि १९२३ मध्ये त्यावर पुस्तक प्रसिद्ध केले. इशीचा भर लपून बसणे, तोंडाने आवाज काढून प्राण्याला जवळ बोलावणे आणि कमी अंतरावरून बाण सोडणे यांवर होता. पोप व त्यांचे सहकारी आर्थर यंग यांच्या नावाने १९६१ मध्ये पोप अँड यंग क्लब ही संस्था स्थापन झाली.

विस्कॉन्सिन राज्याने १९३४ मध्ये धनुर्शिकारीसाठी स्वतंत्र हंगाम ठेवला. त्यानंतर हॉलेस विल्बर ॲलन यांनी कप्प्यांचा वापर करून बनविलेल्या कंपाउंड धनुष्याला १९६९ मध्ये पेटंट मिळाले. या धनुष्यामुळे बाणाचा वेग वाढला आणि हलत्या सावजाचा प्रश्न नव्याने चर्चेत आला.

## बाण प्राण्याला कसा मारतो

बंदुकीची वेगवान गोळी ऊतींना जबर धक्का देऊन मोठा भाग निकामी करते. शिकारीचा बाण असे करीत नाही. त्याच्या टोकाला धारदार पाती असलेला फाळ असतो. तो रक्तवाहिन्या व अवयव कापतो आणि मृत्यू मुख्यतः रक्तस्रावाने किंवा फुप्फुसे निकामी झाल्याने येतो. त्यामुळे बाणाच्या शिकारीत 'लागला' यापेक्षा 'कोठे लागला' याला अधिक महत्त्व आहे.

पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या बाबतीत हृदय व फुप्फुसे मिळून बाजूने दिसणारे वर्मस्थान साधारण २० ते २५ सेंटिमीटर व्यासाचे असते. ते पुढच्या पायाच्या फऱ्यालगत, किंचित मागे असते. त्याच्या मागे यकृत आणि त्यामागे जठर व आतडी येतात. दोन्ही फुप्फुसांतून बाण आरपार गेल्यास हरीण बहुधा काही सेकंदांत कोसळते. यकृतात लागल्यास मृत्यूला काही तास लागू शकतात. जठरात किंवा आतड्यात लागल्यास त्याहून अधिक. फऱ्याच्या जाड हाडावर आदळलेला बाण पुरेसा आत शिरत नाही.

प्राणी चालत असताना यात आणखी एक अडचण येते. पुढचा पाय पुढे गेला की वर्मस्थान मोकळे होते आणि मागे आला की फरा व दंडाचा भाग त्याचा काही अंश झाकतो. म्हणजे प्रत्येक पावलागणिक लक्ष्याचा आकारच बदलत असतो.

## अंतर, वेळ आणि वेग

बाणाला लक्ष्यापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ हा या प्रश्नाचा गाभा आहे. आधुनिक कंपाउंड धनुष्याचा बाण सेकंदाला साधारण ८५ मीटर, तर पारंपरिक लाकडी धनुष्याचा बाण सुमारे ५० मीटर वेगाने जातो, असे धरता येईल. हरणाचा वेग संथ चालीत सेकंदाला १.२ मीटर, दुडक्या चालीत ४ मीटर आणि भरधाव धावताना १३ मीटर (ताशी सुमारे ४७ किलोमीटर) मानल्यास, बाण हवेत असताना आडवे जाणारे हरीण पुढीलप्रमाणे सरकते :

| हरणाची चाल | कंपाउंड, २० मी. | कंपाउंड, ४० मी. | पारंपरिक, २० मी. | पारंपरिक, ४० मी. |
|---|---|---|---|---|
| संथ चाल | २८ सें.मी. | ५६ सें.मी. | ४८ सें.मी. | ९६ सें.मी. |
| दुडकी चाल | ०.९ मी. | १.९ मी. | १.६ मी. | ३.२ मी. |
| भरधाव | ३.१ मी. | ६.१ मी. | ५.२ मी. | १०.४ मी. |

यात शिकाऱ्याने दोरी सोडायचे ठरविल्यापासून ती प्रत्यक्ष सुटेपर्यंतचा वेळ धरलेला नाही. माणसाची प्रतिक्रिया साधारण पाव सेकंदाची असते. धनुष्य स्थिर धरून बाण सोडल्यास तेवढ्या वेळातील सरकणेही वरील आकड्यांत मिळवावे लागते.

या कोष्टकातून एक अनपेक्षित गोष्ट दिसते. भरधाव हरणावर पुढचा अंदाज न घेता सोडलेला बाण बहुधा पूर्णपणे हुकतो, कारण फरक कित्येक मीटरांचा असतो. संथ चालणाऱ्या हरणाच्या बाबतीत मात्र फरक एक ते दोन वितींचा असतो. तेवढ्याने बाण हुकत नाही. तो फुप्फुसांऐवजी यकृतात किंवा पोटात लागतो. सोपा वाटणारा नेम हा यामुळेच अनेकदा सर्वांत क्लेशदायक जखम करणारा ठरतो. पुढचा अंदाज घेऊन बाण सोडला आणि प्राणी त्याच क्षणी थबकला, तर बाण छातीच्या पुढे किंवा मानेच्या बुडाशी जातो. म्हणजे केवळ वेगाचा अंदाज बरोबर असून भागत नाही. बाण पोहोचेपर्यंत प्राण्याने तोच वेग व तीच दिशा राखावी लागते.

## उभे सावजही स्थिर नसते

हलत्या सावजावर बाण सोडण्याचे समर्थन करणारे एका वस्तुस्थितीकडे लक्ष वेधतात. उभे असलेले हरीणही बाण पोहोचेपर्यंत उभे राहीलच असे नाही. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, म्हणजे बाणाच्या चौपट असतो. २० मीटरवरील हरणाला दोरीचा आवाज ०.०६ सेकंदात ऐकू येतो, तर बाण ०.२४ सेकंदात पोहोचतो. मधल्या ०.१८ सेकंदात सावध हरीण उसळी घेण्यासाठी पाय दुमडून खाली झुकू लागते. त्यामुळे बाण वर्मस्थानाच्या वरून जातो किंवा पाठीत लागतो. अंतर ४० मीटर झाले की हा मधला वेळ दुप्पट होतो.

कान टवकारून, ताठ उभ्या असलेल्या हरणापेक्षा निर्धास्तपणे चरत एखादे पाऊल टाकणारे हरीण अधिक भरवशाचे लक्ष्य आहे, असे काही शिकारी यावरून म्हणतात. विरोधकांच्या मते मात्र या वस्तुस्थितीवरून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे : अंतर कमी ठेवावे आणि सावध प्राण्यावर बाण सोडूच नये.

## नेम धरण्याच्या पद्धती

हलत्या लक्ष्यासाठी प्रामुख्याने दोन पद्धती वापरल्या जातात. पहिलीत प्राण्याच्या चालीबरोबर धनुष्य फिरवीत नेऊन, नेम आवश्यक तेवढा पुढे ठेवून, हात न थांबविता बाण सोडला जातो. दुसरीत नेम एका जागी रोखून प्राणी तेथे येण्याची वाट पाहिली जाते. पहिलीत प्रतिक्रियेतील विलंबाचा परिणाम कमी होतो, परंतु अचूकता ढळते. दुसरीत हात स्थिर राहतो, परंतु सुटण्याचा क्षण साधणे कठीण असते.

पक्ष्यांच्या शिकारीत छऱ्याच्या बंदुकीने पहिली पद्धत सर्रास वापरली जाते. तेथे छऱ्यांचा फैलाव लहान चूक झाकून घेतो. बाण एकच असतो आणि दुसरा लावून दोरी ताणेपर्यंत प्राणी निघून गेलेला असतो. झाडीत धोका आणखी वाढतो, कारण लहानशा फांदीला घासूनही बाणाची दिशा बदलते आणि चालणारा प्राणी सतत नवनव्या फांद्यांआड जात असतो.

## मतमतांतरे

विरोधातील युक्तिवाद. शिकाऱ्याने केवळ आपले कौशल्य पणाला लावलेले नसते. चुकीची किंमत प्राणी मोजतो. सरावात दहांपैकी सात वेळा साधणारा नेम खेळात उत्तम ठरेल, परंतु शिकारीत उरलेल्या तीन वेळांचा अर्थ जखमी प्राणी असा होऊ शकतो. शिवाय बहुतेक शिकारी उभ्या पुठ्ठ्यावर सराव करतात. हलत्या लक्ष्याचा नियमित सराव फार थोड्यांना असतो.

बाजूचे युक्तिवाद. संथ चाल, १५ ते २० मीटरच्या आतले अंतर, मोकळी जागा, बेसावध प्राणी आणि हलत्या लक्ष्याचा भरपूर सराव या सर्व अटी पूर्ण होत असतील तर सरसकट बंदी अवास्तव ठरते, असे काहींचे म्हणणे आहे. मूससारख्या प्राण्याचे वर्मस्थान हरणापेक्षा बरेच मोठे असते, हेही ते दाखवून देतात.

धावत्या प्राण्यावर बाण सोडण्याचे समर्थन मात्र आज फारसे कोणी करीत नाही. न्याय्य शिकारीच्या प्रचलित नियमांत पाण्यात, खोल बर्फात किंवा सापळ्यात अडकलेल्या असहाय प्राण्याची, तसेच वाहनातून शिकार करण्यास मनाई असते. हलत्या सावजाचा निर्णय बहुतांशी शिकाऱ्याच्या विवेकावरच सोपविलेला असतो.

## प्राण्याला थांबविणे

प्रत्यक्षात वाद टाळण्याचा सर्वांत रूढ मार्ग म्हणजे प्राण्याला थांबविणे. मचाणावर किंवा लपणात बसलेला शिकारी प्राण्याचे डोके झाडाआड गेल्यावर दोरी ताणून घेतो आणि तो मोकळ्या जागेत येताच तोंडाने हरणाच्या बेंबाटण्यासारखा हलका आवाज काढतो. हरीण क्षणभर थबकते. यातही तोटा आहे : थबकलेले हरीण सावध झालेले असते आणि दोरीच्या आवाजाने चटकन झुकते. म्हणून आवाज शक्य तितका हलका ठेवावा, असे सांगितले जाते. प्राणी थांबला नाही तर बाण न सोडणे हाही एक पर्याय असतो आणि शिकारी शिक्षणात त्यावर विशेष भर दिला जातो.

## जखमी प्राणी व दुसरा बाण

एक अपवाद जवळपास सर्वमान्य आहे. पहिला बाण लागलेला प्राणी जवळच हालचाल करीत असेल आणि पुन्हा बाण सोडण्याची संधी मिळाली, तर तो हलत असला तरी दुसरा बाण सोडावा. येथे नवी जखम करण्याचा धोका उरलेला नसतो. यातना लवकर संपविणे हा हेतू असतो.

प्राणी नजरेआड झाल्यास बाणावरील रक्त तपासले जाते. फेसाळ, गुलाबी रक्त फुप्फुसाची, काळपट लाल रक्त यकृताची, तर हिरवट व दुर्गंधीयुक्त द्रव पोटाची जखम दर्शवितो. पोटात बाण लागल्याचे दिसल्यास कित्येक तास थांबून मग माग काढतात, कारण लगेच पाठलाग केल्यास आडोशाला बसलेला प्राणी उठून दूर निघून जातो.

## इतर देशांतील स्थिती

ब्रिटनमध्ये १९८१च्या वन्यजीव व ग्रामीण प्रदेश कायद्यानुसार वन्यप्राणी मारण्यासाठी धनुष्य वापरण्यास मनाई आहे. जर्मनीतही धनुर्शिकारीस परवानगी नाही. डेन्मार्कने १९९९ मध्ये रो हरणाच्या धनुर्शिकारीस परवानगी दिली. शिकाऱ्याला त्यासाठी स्वतंत्र परीक्षा द्यावी लागते.

## भारतीय संदर्भ

भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित वन्यप्राण्यांच्या शिकारीस बंदी आहे. या अधिनियमातील 'शस्त्र' या संज्ञेत धनुष्यबाणाचाही समावेश आहे आणि प्राण्याला जखमी करणे हेही 'शिकार' या व्याख्येत मोडते. त्यामुळे बाण वर्मी लागला की नाही, यावर गुन्हा ठरणे अवलंबून नसते.

प्राचीन साहित्यात मात्र हा विषय आढळतो. कालिदासाच्या 'अभिज्ञानशाकुन्तल' नाटकाच्या आरंभी दुष्यंत रथातून धावत्या हरणाचा पाठलाग करतो आणि तपस्वी त्याला बाण आवरण्याची विनंती करतात. दुसऱ्या अंकात सेनापती मृगयेची स्तुती करताना चल लक्ष्याचा वेध घेणे हा धनुर्धराचा उत्कर्ष असल्याचे सांगतो. रामायणातील दशरथाची कथा याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखविते : न दिसणाऱ्या लक्ष्यावर केवळ आवाजाच्या आधारे सोडलेला बाण मुनिकुमाराला लागतो. चल लक्ष्याच्या वेधात कौशल्याची कसोटी पाहणारी दृष्टी आणि खात्री नसताना बाण सोडू नये असे मानणारी दृष्टी, या दोन्ही या परंपरेत सापडतात.

## हे सुद्धा पहा

* तिरंदाजी
* धनुष्य
* मृगया
* वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२
* अभिज्ञानशाकुन्तल