व्होल्टता-नियामकाचे स्थैर्य आणि धारित्रातील उपयुक्त उणीव

हैदराबादेत गौलीगुड्याजवळ, कोठीच्या गुजराती गल्लीत, रेडिओ व तत्सम यंत्रांच्या सुट्या भागांचा बाजार आहे. तेथून भाग नेऊन एखादा विद्यार्थी वीजपुरवठ्याचे मंडल जुळवितो. भाग निर्दोष असतात, जोडणीही बिनचूक असते. तरी फलित व्होल्टता स्थिर न राहता थरथरत राहते. पुष्कळदा टॅन्टलमच्या धारित्राऐवजी अधिक चांगले म्हणून सिरॅमिकचे धारित्र घातले, की हा प्रकार उद्भवतो. चांगल्या भागाने मंडल का बिघडावे?

नियामकाचे काम पाटकऱ्यासारखे आहे. पातळी उतरली की दार उघडावे, चढली की लोटावे. फलिताची वार्ता अशी मागे नेण्यास पुनःप्रदाय म्हणतात. पण वार्ता उशिरा पोचली, तर पाणी चढू लागल्यावरही दार उघडेच राहील आणि पातळी सारखी खालीवर होईल. मंडलात हेच घडले म्हणजे त्यास दोलन म्हणतात.

७८०५ या जुन्या नियामकास ५ व्होल्ट देण्यासाठी सुमारे ७ व्होल्ट पुरवावे लागतात. अल्पपात नियामक अर्ध्या व्होल्टच्या किंवा त्याहूनही कमी फरकावर चालतो. त्यामुळे ऊर्जा वाचते. मात्र त्यातील ट्रँझिस्टरची जोडणी निराळी असल्याने फलिताची व्होल्टता धारित्राच्या भरण्यावर अधिक अवलंबून राहते. हा विलंब मंडलातील इतर विलंबांत मिळाला, की स्थैर्य धोक्यात येते.

येथे धारित्राचा आंतरिक रोध उपयोगी पडतो. रोधावरील व्होल्टता प्रवाहाबरोबर तत्क्षणी बदलते. म्हणून वार्ता वेळेवर पोचते. 'एलएम २९४०' या नियामकास किमान २२ मायक्रोफॅरडचे धारित्र लागते व त्याचा रोध साधारणपणे ०.१ ते १ ओहम असावा लागतो. रोध ०.५ ओहम असता त्याचे साहाय्य सेकंदास सुमारे १४,५०० आवर्तनांपासून मिळू लागते. उलट १ मायक्रोफॅरडच्या सिरॅमिक धारित्राचा रोध ०.००५ ओहम धरला, तर हीच मर्यादा सुमारे ३ कोटी २० लाख आवर्तनांवर जाते. तोवर मंडल दोलन पावलेले असते! रोध प्रमाणाबाहेर वाढला तरीही स्थैर्य जाते, हेही ध्यानात ठेवावे.

यावर उपाय दोन. सिरॅमिक धारित्रास एकसरीत लहानसा रोध जोडावा. अथवा विलंबाची भरपाई ज्याच्या घटकाच्या आतच केली आहे, असा नवा नियामक घ्यावा. असे पुष्कळ नियामक १ मायक्रोफॅरडच्या सिरॅमिक धारित्रावर स्थिर राहतात. तथापि काही सिरॅमिक धारित्रांची धारिता व्होल्टता लागताच बरीच घटते. अंगावर छापलेला आकडा मंडलात तसाच मिळेल असे नाही. म्हणून धारित्र निवडताना उत्पादकाच्या माहितीपत्रकात धारितेबरोबरच रोधाच्याही दोन्ही मर्यादा पाहाव्यात. भार एकाएकी बदलून दोलनदर्शकावर फलिताची रेषा पाहिली, तर ती लवकर स्थिरावते की थरथरत राहते, हे वर्गातही दाखविता येईल.