काचपात्रात धडधडणाऱ्या हृदयपेशी

हृदयविकाराच्या झटक्याने आप्त गमावले नाहीत असे घर आपल्या परिवारात विरळाच. कापलेली त्वचा भरून येते, मग हृदय का भरून येत नाही, असे आमच्या वसतिगृहातील मुले विज्ञानाच्या तासाला विचारतात. प्रश्न रास्त आहे. पंचविशीत हृदयाच्या जेमतेम १ टक्का स्नायुपेशी वर्षभरात नव्याने तयार होतात. उतारवयात हे प्रमाण निम्म्याहूनही खाली येते. मोठ्या झटक्यात मात्र १०० कोटींच्या घरात पेशी मरू शकतात. त्यांच्या जागी उरणारा व्रण आकुंचन पावत नाही, आणि सारा भार राहिलेल्या स्नायूंवर पडतो.

ही उणीव भरण्यासाठी शास्त्रज्ञ मूलपेशींकडे वळले. मूलपेशीचे काय व्हायचे ते अद्याप ठरलेले नसते. १९९८ साली अमेरिकेत जेम्स थॉमसन यांनी मानवी भ्रूणातून अशा पेशी वेगळ्या करून वाढविल्या. परंतु त्यात भ्रूण नष्ट होत असे. रोज सकाळी ‘पाणातिपाता वेरमणी’ म्हणणाऱ्या आमच्यासारख्यांना तेथे अडखळल्यासारखे होणे स्वाभाविक होते. क्योटो विद्यापीठातील शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या व २००७ मध्ये माणसाच्या त्वचेतील पेशींत केवळ चार जनुके घालून त्यांना पुन्हा मूलपेशींच्या अवस्थेत नेले. २०१२ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा होता.

यापुढील काम स्वयंपाकासारखे आहे. वेळ चुकली की सारे फसते. गर्भात हृदय घडताना जे रासायनिक संकेत मिळतात, तेच पेशींना त्याच क्रमाने द्यावे लागतात. आरंभी एक संकेत जागवायचा आणि दोन-तीन दिवसांनी तोच बंद करायचा. आठ ते बारा दिवसांत पात्रातील पेशी आपोआप धडधडू लागतात. मज्जातंतूंची आज्ञा त्यांना लागत नाही. नको असलेल्या पेशी वगळण्याची युक्ती तर आम्हांस फारच आवडली. पोषकद्रवातून ग्लुकोज काढून लॅक्टेट ठेवले की हृदयपेशी त्यावर तगतात आणि इतर उपाशी मरतात.

तथापि या पेशी प्रौढ नसून गर्भातील पेशींसारख्या अपक्व असतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका प्रयोगात त्या माकडांच्या हृदयात रुजल्या, पण ठोक्यांचा ताल बिघडला. एखादी मूलपेशी तशीच राहून गेली तर गाठ होण्याचे भय असते. जानेवारी २०२० मध्ये ओसाका विद्यापीठात अशा सुमारे १० कोटी पेशींचे पातळ पापुद्रे एका रुग्णाच्या हृदयावर बसविले गेले, तेही चाचणी म्हणूनच.

पालकांना हे सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते, कारण ‘स्टेम सेलने हृदय नवे करून देतो’ अशा जाहिरातींवर शेती गहाण पडू शकते. भारताच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूलपेशींचा मान्य उपचार रक्ताच्या काही विकारांपुरताच आहे. बाकी सारे मान्यताप्राप्त चाचणीतच करता येते. अशी जाहिरात कोणाच्या हाती आली, तर पैसे भरण्यापूर्वी ती घेऊन शाळेत यावे. आम्ही सोबत बसून वाचू.