तुमच्या जन्माच्या वेळी जगज्जेता कोण होता?

मुष्टियुद्धाचे शौकीन एकत्र जमले की एक खेळ हमखास रंगतो. एकाने जन्मतारीख सांगायची आणि त्या दिवशी हेवीवेटचा जगज्जेता कोण होता ते दुसऱ्याने ओळखायचे. आम्हीही हा हिशेब मांडून पाहिला. (आमच्या बऱ्याच वडीलधाऱ्यांची जन्मतारीख शाळेतल्या मास्तरांनी १ जून लावलेली. त्यांनी वर्षावरच भागवावे.)

घरातल्या आजी-आजोबांचे उत्तर सोपे. २२ जून १९३७ ते १ मार्च १९४९ या काळात जन्मलेल्या सर्वांना एकच नाव, जो लुई. अलाबामात दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्या घरातला हा काळा मुलगा. त्याने किताब पंचवीस वेळा राखला. १९३८ मध्ये जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगला तर त्याने पहिल्याच फेरीत, १२४ सेकंदांत लोळवले.

लुईच्या आधीची बावीस वर्षे मात्र नीट पाहा. १९१५ ते १९३७ पर्यंतचे सगळे जगज्जेते गोरे. काळ्यांत कोणी लायक नव्हता काय? १९०८ मध्ये सिडनीत जॅक जॉन्सनने किताब जिंकून दाखवलाच होता. १९१५ मध्ये हवानात तो हरला आणि दार पुन्हा बंद झाले. हॅरी विल्स हा काळा मल्ल जॅक डेम्प्सीशी लढायला वर्षानुवर्षे ताटकळला. लढत झालीच नाही. मैदानात हरवण्याची खात्री नसेल तर मैदानातच येऊ द्यायचे नाही, ही युक्ती आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

ऑक्टोबर १९५६ मध्ये जन्मलेल्यांची गंमत वेगळीच. त्यांच्या जन्माच्या वेळी जगज्जेता कोणीच नव्हता! ४९ लढतींत एकदाही न हरलेला रॉकी मार्सियानो एप्रिलमध्ये निवृत्त झाला होता. ३० नोव्हेंबरला एकवीस वर्षांच्या फ्लॉइड पॅटर्सनने रिकामी गादी घेतली. त्याचा कमी वयाचा विक्रम पुढे १९८६ मध्ये विसाव्या वर्षी माइक टायसनने मोडला.

खरा घोळ होतो तो १९६७ पाशी. १९६४ पासून महंमद अली जगज्जेता होता. व्हिएतनामच्या युद्धासाठी सैन्यात भरती व्हायला त्याने २८ एप्रिल १९६७ रोजी नकार दिला आणि त्याचा किताब काढून घेण्यात आला. त्याला रिंगणात कोणी हरवले नव्हते. मग त्या वर्षीच्या पावसाळ्यात जन्मलेल्याने कोणाचे नाव घ्यावे? कागदोपत्री जागा रिकामी. आम्ही मात्र बिनदिक्कत अलीचेच नाव घेऊ. १९७१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याची शिक्षा रद्द केली आणि ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासात जॉर्ज फोरमनला पाडून त्याने किताब परत मिळवला.

त्यानंतर संघटना वाढल्या, पट्टे वाढले. एकाच दिवशी तीन-तीन जगज्जेते सापडतात.

मुलींनी हिरमुसू नये. २००६ मध्ये जन्मलेल्या लेकीला सांगा, त्या वर्षी दिल्लीत मणिपूरच्या शेतमजुराची मुलगी मेरी कोम हौशी गटात तिसऱ्यांदा जगज्जेती झाली होती.