आकडीतला कोयता

रत्नागिरी जिल्ह्यात रानात निघालेला शेतकरी आधी कमरेला आकडी बांधतो आणि मग तिच्यात कोयता अडकवतो. आकडी म्हणजे खाच पाडलेला लाकडाचा तुकडा. ती पाठीशी बसते, पाते खाली लोंबते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. ऐनावर चढायचे असो वा घाटी उतरायची, मागे हात नेला की मूठ सापडते.

घडीच्या चाकूत पाते आणि मूठ यांच्यामध्ये बिजागरी असते आणि जोर पडला की तीच आधी सैल होते. कोयत्यासारख्या, पाते थेट मुठीत रुतलेल्या हत्याराला ही भीती नाही. म्हणूनच जगभरच्या रानात फिरणाऱ्यांनी असेच पाते जवळ बाळगले. फिनलंडचा आखूड, सरळ पुक्को आणि नेपाळची पुढे वळलेली खुकरी ही त्याचीच रूपे. अमेरिकेतले रॉबर्ट लव्हलेस (१९२९–२०१०) यांच्या शिकारी सुऱ्या संग्राहकांत आजही मानाच्या मानल्या जातात. त्यांनी लोकप्रिय केलेल्या घडणीत पात्याची पाठ टोकाकडे हळूच उतरते. त्यामुळे जनावर सोलताना टोक आतड्यात घुसून मांस नासत नाही.

कोकणातल्या पात्याला शिकारीपेक्षा शेतीने आकार दिला. भातरोपांच्या राबासाठी ऐन-किंजळीची कवळ, म्हणजे पाल्यासकट फांद्या, तोडायची, कुंपणाच्या काट्या छाटायच्या, नारळ सोलायचा, पायवाटेवरची रानवेल उडवायची, अशी सगळी कामे एकाच हत्याराकडे असतात. कोयत्याचे टोक आत वळलेले असते ते याचसाठी. फांदी त्या बाकात सापडते आणि घाव निसटत नाही. जाड पाठीमुळे घावाला वजन मिळते. भात कापायचा विळा मात्र वेगळ्या रीतीने चालतो. तो मूठभर ताटे ओढून कापतो, म्हणून त्याचे पाते अरुंद व हलके. फणस चिरताना कोयत्याला खोबरेल तेल चोळतात, म्हणजे चीक पात्याला धरत नाही.

या पात्याचे खरे मोल लोहाराच्या भट्टीत ठरते. गावचे लोहार अनेकदा ट्रकच्या कमानीचा जुना पाटा वापरतात. स्प्रिंगच्या या पोलादात साधारण अर्धा टक्का किंवा थोडे जास्त कार्बन असते. ते लवचीक असते आणि नीट पाणी दिले तर धारही टिकवते. पाते लालबुंद तापवून एकदम थंड केले की पोलाद कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही. मग ते पुन्हा हलके तापवतात. घासलेल्या पात्यावर आधी गवती पिवळा, पुढे तपकिरी आणि शेवटी निळा रंग चढतो. कोणत्या रंगावर थांबायचे हे लोहाराची नजर ठरवते. लवकर थांबला तर धारेचे तुकडे उडतात, उशीर झाला तर धार दुमडते.

असे पाते जपणे कोकणच्या हवेत सोपे नाही. पावसाळ्यातल्या दमट दिवसांत कोरडे पोलादही गंजते. काम संपल्यावर चीक आणि माती पुसावी, पाते वाळवावे आणि तेलाचा हात फिरवावा. चामड्याच्या म्यानात ते महिनोन् महिने ठेवू नये, कारण चामडे ओल धरून ठेवते. जुन्या पात्यावर चढलेला काळपट थर यंत्रावर घासून चकचकीत करणे हे संग्राहकाच्या हातून होणारे मोठे नुकसान आहे. त्या थराबरोबर घणाचे ठोके आणि लोहाराची खूण दोन्ही पुसली जातात.

कायद्याची जाणही हवी. १९५९च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या तलवारी, खंजीर, सुऱ्या शस्त्रांत मोडतात. घरकाम, शेती किंवा उद्योगासाठी घडवलेली हत्यारे त्यातून वगळली आहेत. तरी शेतातला कोयता बाजारात मिरवणे वेगळे. पोलीस आणि जिल्हा प्रशासनाचे मनाई आदेश लागू असतील तेव्हा तर ते महागात पडते. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू परदेशी नेण्यावर १९७२च्या पुरावशेष कायद्याचे बंधन आहे. वन्यजीव संरक्षण कायदाही त्याच वर्षीचा. शिकारीवर त्याची बंदी आहे, त्यामुळे आपल्याकडे आज शिकारी सुरीचे स्थान मुख्यतः संग्रहात आणि रानवाटांवर आहे.

रोजच्या वापरातली वस्तूही संग्रहालयाची शोभा होऊ शकते, हे पुण्यात दिनकर केळकरांनी दाखवून दिले. राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते पाहायला लोक मुद्दाम जातात. कोयत्याच्या वाट्याला एवढे कौतुक अजून आलेले नाही. उलट पुण्यातल्या कोयता गँगच्या बातम्यांनी त्याच्या नावाला डाग लागला. त्याचा वापरही घटतो आहे: कवळ तोडणारे हात कमी होत आहेत, आणि गवत कापायची यंत्रे वाडीवाडीत पोचली आहेत.

कोयत्यांचा संग्रह करायला फार पैसा लागत नाही, चौकशी मात्र चिकाटीने करावी लागते. प्रत्येक पात्यासोबत गावाचे नाव, घडवणारा लोहार, पोलाद कुठून आले, मूठ कोणत्या लाकडाची आणि हत्यार कोणत्या कामाचे याची चिठ्ठी असावी. मूठ बदलली असेल तर तेही लिहावे, आणि मुठीच्या तोंडाची जुनी शेंबी (धातूचे कडे) फेकू नये. आकडीसुद्धा सोबत मागून घ्यावी. खंडेनवमीला घरोघरची अवजारे स्वच्छ होऊन पूजेला मांडली जातात. माळ्यावरची विसरलेली पातीही तेव्हा खाली येतात. घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यांची माहिती विचारायला ही चांगली वेळ.