हद्दबदल, मालमत्ता करआकारणी आणि अपिलाचा अधिकार : सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

अमेरिकेसारख्या देशात मालमत्ता कराचा मोठा भाग शाळा-जिल्ह्याच्या खर्चासाठी जातो. तेथे शाळा-जिल्ह्याची सीमा सरकली की घराचा कर बदलतो आणि घरमालक आकारणीविरुद्ध अपील करतो. महाराष्ट्रात शाळा-जिल्हा हा कराचा घटक नाही. आपल्याकडे कर बदलतो तो स्थानिक संस्थेची हद्द किंवा तिचे स्वरूप बदलल्यामुळे. अशा बदलानंतर करदात्याला कोणते अधिकार राहतात आणि ते केव्हा वापरावे लागतात, याचा विचार प्रस्तुत लेखात सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या संदर्भात केला आहे.

हद्दबदलाचे स्वरूप

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीपासून वेगळा झालेला सिंधुदुर्ग जिल्हा प्रामुख्याने ग्रामीण आहे. मालवण, वेंगुर्ले व सावंतवाडी या येथील जुन्या नगरपरिषदा होत. ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) ग्रामीण क्षेत्रातून नागरी क्षेत्रात संक्रमित होणाऱ्या भागांसाठी नगरपंचायतीची तरतूद केली. २०१४ साली राज्य शासनाने तालुका मुख्यालयांच्या ग्रामपंचायतींचे नगरपंचायतीत रूपांतर करण्याचे धोरण स्वीकारले. कणकवलीत नगरपंचायत त्यापूर्वीच होती. पुढे कुडाळ, देवगड-जामसंडे, वाभवे-वैभववाडी आणि कसई-दोडामार्ग येथेही नगरपंचायती आल्या. या गावांतील घरे जागची हलली नाहीत. त्यांना लागू होणारा कायदा मात्र बदलला.

दोन कायदे, दोन मोजमापे

ग्रामपंचायत क्षेत्रातील घरपट्टी महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १२४ व १९६० च्या कर व फी नियमांनुसार आकारली जाते. या नियमांत डिसेंबर २०१५ मध्ये दुरुस्ती होऊन जमीन व इमारतीचे भांडवली मूल्य हा आकारणीचा आधार ठरला. आकारणीने व्यथित झालेल्या व्यक्तीस पंचायत समितीकडे आणि त्यानंतर जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे अपील करता येते.

नगरपरिषद व नगरपंचायत क्षेत्रास महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ लागू होतो. येथील आकारणीची परंपरागत पद्धत वार्षिक भाडेमूल्याची आहे. मालमत्ता भाड्याने दिली असता वर्षाला रास्तपणे किती भाडे येईल याचा अंदाज करून त्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करतात आणि उरलेल्या करयोग्य मूल्यावर कराचा दर लावतात. याखेरीज महाराष्ट्र शिक्षण व रोजगार हमी (उपकर) अधिनियम, १९६२ अन्वये नागरी क्षेत्रात शिक्षण उपकर वसूल होतो व तो शासनाकडे जमा होतो. गावातील शाळा बहुधा पूर्वीप्रमाणे जिल्हा परिषदेचीच राहते. तरीही गाव नगरपंचायत होताच करपत्रकात शिक्षण उपकराची ओळ येते. शाळा आणि कर यांचा आपल्याकडील संबंध तो एवढाच.

हा फरक एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. एका कौलारू चिरेबंदी घराचे मासिक भाडे ५०० रुपये धरल्यास वार्षिक भाडेमूल्य ६,००० व करयोग्य मूल्य ५,४०० रुपये होते. दर २० टक्के असल्यास कर १,०८० रुपये. मोजणीत उघडी पडवी व खळे बांधीव क्षेत्रात धरले गेले आणि मासिक भाडे ८०० रुपये ठरले, तर करयोग्य मूल्य ८,६४० व कर १,७२८ रुपये होतो. वर्षाला ६४८ रुपयांचा हा फरक चार वर्षांत २,५९२ रुपयांवर जातो. शिवाय उपकरही वाढीव मूल्यावरच बसतो. चार वर्षांचा हिशेब येथे धरण्याचे कारण असे की, एकदा कायम झालेली आकारणी यादी साधारणपणे चार वर्षे चालते.

हरकत ही अपिलाची पहिली पायरी

१९६५ च्या अधिनियमानुसार आकारणी यादी तयार झाल्यावर कलम ११९ अन्वये ती प्रसिद्ध करून हरकती मागविल्या जातात. त्यासाठी सामान्यतः ३० दिवस मिळतात. मालमत्तेवर प्रथमच आकारणी होत असेल किंवा आकारणी वाढली असेल, तर मालकास अथवा भोगवटादारास स्वतंत्र सूचना देणे आवश्यक असते. गावाची नगरपंचायत झाल्यानंतरची पहिली आकारणी नव्या संस्थेपुरती प्रथमच होत असल्याने या सूचनेचा आग्रह धरणे उचित ठरते.

हरकतींवर सुनावणी होऊन यादी कायम होते व देयके निघतात. देयकाविरुद्ध कलम १६९ अन्वये मालमत्ता कर अपील समितीकडे दाद मागता येते. मात्र कलम १७० ने त्यास तीन अटी घातल्या आहेत. देयक मिळाल्यापासून १५ दिवसांत अपील केले पाहिजे, मागणीची रक्कम आधी भरली पाहिजे आणि मूल्यनिर्धारणाविषयी तक्रार असल्यास हरकत मुदतीत नोंदविलेली असली पाहिजे. तिसरी अट सर्वांत कठीण आहे. हरकतीची संधी दवडणाऱ्यास पुढे मूल्यनिर्धारणावर अपील करता येत नाही.

कोकणात हा प्रश्न अधिक बिकट होतो, कारण अनेक घरे सामायिक नावांवर असून त्यांचे मालक मुंबईस नोकरीधंद्यास असतात. मुख्याधिकाऱ्यांची नोटीस बंद दारावर लागते; चाकरमानी गणपतीला घरी येतो तेव्हा मुदत सरलेली असते.

हरकतीत काय मांडावे

सुविधा मिळत नाहीत, मग वाढीव कर का, ही भावना रास्त असली तरी ती मूल्यनिर्धारणावरील हरकत होत नाही. कराचा दर ठरावाने ठरतो. त्यावरील आक्षेप दर ठरवितानाच्या प्रक्रियेत घ्यावा लागतो. आकारणीवरील हरकत क्षेत्रफळ, बांधकामाचा प्रकार, घराचे वय आणि वापर या चार मुद्द्यांवर टिकते. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, बांधकाम परवानगी, मोजमापासह नकाशा व छायाचित्रे हे त्याचे पुरावे होत.

वापराचा मुद्दा किनारपट्टीवर विशेष महत्त्वाचा आहे. तारकर्ली व देवबाग आजही ग्रामपंचायत क्षेत्रात असून मालवण शहर नगरपरिषदेच्या हद्दीत आहे. घरातील दोन खोल्या पर्यटकांना देणाऱ्या कुटुंबाची संपूर्ण वास्तू बिगरनिवासी धरली गेल्यास, प्रत्यक्ष वापराचे क्षेत्र खोल्यानिहाय दाखवून हरकत घेता येते.

वैधानिक मार्ग वापरल्यानंतरही नैसर्गिक न्यायाचा भंग झाल्याचे दिसल्यास अनुच्छेद २२६ अन्वये उच्च न्यायालयाकडे जाता येते. १८ ऑगस्ट २०२५ पासून सिंधुदुर्गसाठी ही सोय कोल्हापूर येथे झाली आहे. तथापि पर्यायी उपाय न वापरता आलेल्या याचिकेस न्यायालय सहसा प्रोत्साहन देत नाही.

निष्कर्ष

कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसविता येत नाही, असे संविधानाचा अनुच्छेद २६५ सांगतो. हद्दबदलाच्या काळात या तत्त्वाचे रक्षण अपिलापेक्षा हरकतीच्या तीस दिवसांत होते. म्हणून नव्या नगरपंचायतींनी नोटीस बाहेरगावी असलेल्या मालकांच्या पत्त्यावर पाठविणे आणि मोजणीचा तक्ता सोबत जोडणे इष्ट ठरेल. महाविद्यालयांच्या राष्ट्रीय सेवा योजनेतील विद्यार्थ्यांनी गावोगावी नमुना ८ व नवी आकारणी यादी ताडून पाहण्यास करदात्यांना साहाय्य केल्यास नागरिकशास्त्राचा तो प्रत्यक्ष पाठ होईल, आणि एखाद्या वृद्धेच्या घराची पडवी खोली म्हणून नोंदली जाण्यापासून वाचेल.